पाटी-पोथीची पूजा आणि वीटभट्टीवरचं मूल



ज्ञानपंचमीला आपण सगळ्याच जणी पोथ्या मांडतो, पाटी-पेन्सिल ठेवतो, वासक्षेप वाहतो. मुलांना सांगतो, पुस्तकाला पाय लागला तर हात जोडायचा, अक्षरं असलेल्या कागदावर खायचं नाही, वही जमिनीवर टाकायची नाही. ज्ञानाची आशातना म्हणजे काय हे आपल्या घरातलं पाच वर्षांचं मूलही सांगेल. मला आज याच्या पुढचा प्रश्न विचारायचा आहे. कागदाला चुकून पाय लागला ती आशातना. मग ज्या मुलाच्या हातात कागद कधी पोचलाच नाही, त्याला आपण काय म्हणायचं?

अशी मुलं दूर कुठे नाहीत. वसई-विरारच्या पश्चिमेला आपली घरं, देरासरं, दुकानं. आणि महामार्ग ओलांडून पूर्वेला पारोळ, खानिवड्याच्या बाजूला गेलं की वीटभट्ट्या. शिरसाडच्या महावीर धामला जाताना, किंवा साध्वीजी महाराजांच्या विहारात पहाटे त्यांच्यासोबत चालताना, आपल्यापैकी कितीतरी जणींनी महामार्गाकडेचे ते धूर पाहिलेले आहेत. भट्टीशेजारी गवत-पाचोळ्याच्या, नाहीतर कच्च्या विटा रचून केलेल्या बुटक्या झोपड्या असतात. त्यांना इकडे भोंगा म्हणतात. तिथे राहणारी कुटुंबं बहुतेक करून कातकरी, वारली; मोखाडा, जव्हार, विक्रमगड, वाड्याच्या पाड्यांवरून आलेली.

त्यांचं वर्ष आणि शाळेचं वर्ष जुळतच नाही. शाळा जूनमध्ये उघडते, मूल पाड्यावरच्या शाळेत जातं. दिवाळी झाली की आई-बाप भट्टीवर निघतात, कारण पावसाळ्यात घरात धान्य नव्हतं तेव्हा मालकाकडून बयाणा घेतलेला असतो आणि तो फेडायचा असतो. मूल मागे कुणाकडे ठेवणार? तेही सोबत येतं. मग पाऊस तोंडावर आल्यावरच परत. म्हणजे शाळेच्या दहा महिन्यांतले पाच-सहा महिने भट्टीवर. हजार विटांमागे मजुरी ठरलेली, त्यामुळे जितके हात जास्त तितक्या विटा जास्त. सहा-सात वर्षांचं मूल धाकट्या भावंडाला सांभाळतं, जरा मोठं झालं की ओल्या विटा वाळायला पलटतं, त्याहून मोठं झालं की डोक्यावर वाहतं. हजेरीपटावर मात्र त्याचं नाव पाड्यावरच्या शाळेत असतं. कागदावर ते शिकतच असतं.

तुम्ही म्हणाल, सरकारी शाळा तर फुकट आहे. पुस्तकं मिळतात, दुपारचं जेवण मिळतं. खरं आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि त्यासाठीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पण फी माफ केली की शाळा फुकट होते, हा समज चुकीचा आहे. केनियानं २००३ च्या जानेवारीत प्राथमिक शाळांची फी काढून टाकली, तेव्हा दहा लाखांहून जास्त नवी मुलं शाळेत आली. इतकी की वर्गात बसायला जागा पुरेना. म्हणजे फी हा अडसर होताच. पण आपल्याकडे फी केव्हाच गेली आणि तरी भट्टीवरचं मूल वर्गात नाही. कारण त्याचा अडसर वेगळा आहे. शाळा जिथे आहे तिथे ते नाही आणि ते जिथे आहे तिथे शाळा नाही. धाकटं भावंड कुणाकडे द्यायचं हा प्रश्न आहे. शाळेची भाषा आणि त्याच्या घरची बोली वेगळी आहे. आणि मध्येच दुसऱ्या गावात येऊन वर्गात बसायचं तर कागद मागतात.

हे कोडं सोडवण्याचा मार्ग आपल्याच जिल्ह्यात, दोन बायकांनी, फार पूर्वी शोधला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी आई-बापांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच पाड्यावर, अंगणात नेली. आज देशभर ज्याला आपण अंगणवाडी म्हणतो त्या कल्पनेचं मूळ तिथे आहे. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी कुरणशाळा काढली: गुरं चरताहेत तिथेच शाळा. अनुताई बालविधवा. शिक्षण त्यांना स्वतःला झगडून मिळवावं लागलं होतं. म्हणूनच बहुधा मूल येत नसेल तर आपण त्याच्याकडे जावं, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

वीटभट्टीच्या बाबतीत हेच वसई तालुक्यात घडलं. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेनं वेठबिगारीतून आदिवासींना सोडवण्याचं काम इथूनच उभं केलं, आणि पुढे नव्वदच्या दशकात भट्ट्यांवरच्या मुलांसाठी शाळा सुरू केल्या. नावच ठेवलं भोंगाशाळा. मजूर ज्या झोपडीत राहतो तशाच झोपडीत फळा टांगायचा, जवळपासच्या शिकलेल्या तरुण-तरुणीनं शिकवायचं. ऊसतोडीच्या भागातल्या साखरशाळा याच जातीच्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर धोरण असं झालं की मुलानं नियमित शाळेतच यावं, वेगळ्या तात्पुरत्या शाळा नकोत. तत्त्व म्हणून ते बरोबरच आहे. गरिबाच्या मुलाला झोपडीतली दुय्यम शाळा का? पण भट्टीवरून नियमित शाळेपर्यंत त्याला रोज आणायचं कुणी, याचं उत्तर तत्त्वात नसतं. ते कुणीतरी माणसानं द्यायचं असतं. बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेनं १९८५ पासून खेड्याखेड्यांत एका खोलीच्या शाळा काढल्या. तीसेक मुलं, त्यांत मुली जास्त, शिकवणारी त्याच गावची बाई, वेळ आई-बापांच्या सोयीनं ठरवलेली. तिथेही पहिली गरज मोठ्या इमारतीची नव्हती, जवळ राहणाऱ्या, रोज येणाऱ्या बाईची होती.

आता आपल्याकडे वळते. आपल्या परंपरेत आदिनाथ भगवंतांनी लिपी शिकवली ती ब्राह्मीला आणि अंकविद्या शिकवली ती सुंदरीला. म्हणजे आपल्या कथेत पहिल्या विद्यार्थिनी मुली आहेत. दानाच्या प्रकारांत आहारदान, औषधदान, अभयदानाच्या बरोबरीनं ज्ञानदान आहे. आणि महाराष्ट्रात ज्ञानदान म्हणजे काय हे एका जैन घरानं जगून दाखवलं. कर्मवीर भाऊराव पाटील जन्मले कुंभोजच्या दिगंबर जैन कुटुंबात, १८८७ साली. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. पैसे संपले की वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. कर्मवीरांचे पुतळे गावोगाव आहेत. मला मात्र ज्ञानदान म्हटलं की लक्ष्मीबाईच आठवतात. त्यांनी शाळेला देणगीची पाटी लावली नाही. ज्या दिवशी धान्य नव्हतं त्या दिवशी धान्य आणलं.

आपलं आजचं ज्ञानदान कसं आहे? जूनमध्ये महिला मंडळ वह्या वाटतं. फोटो निघतात, ग्रुपवर येतात. मी त्याला नावं ठेवत नाही, वही लागतेच. पण जून महिन्यात वही मिळालेलं मूल डिसेंबरमध्ये कुठे आहे, हे आपल्यापैकी कुणाला ठाऊक असतं? २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये शाळेच्या आहारात अंडं देण्याचा निर्णय झाला तेव्हा आपल्या ग्रुपवर दिवसाला किती संदेश येत होते, आठवा. अंड्याबद्दल आपलं म्हणणं असणं स्वाभाविक आहे. पण ज्या मुलाच्या ताटाची एवढी चर्चा केली, त्याच्या पाटीबद्दल त्या महिन्यात एक तरी संदेश आला होता का?

आणखी एक गोष्ट, जी मला ज्ञानदानापेक्षाही जास्त टोचते. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत शिकलो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. अतिभारारोपण म्हणजे झेपणार नाही इतकं ओझं लादणं. आपण ते बैलाच्या, घोड्याच्या बाबतीत समजून घेतो, आणि पांजरापोळीला मन मोठं करून देतो. पण व्रताच्या अर्थात नोकर-चाकर, माणसंही येतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरच्या विटा अतिभारात मोडत नाहीत का? आपल्या समाजात बांधकामाचा, हार्डवेअरचा, सिमेंट-विटांचा व्यापार करणारी घरं थोडी नाहीत. त्या घरातल्या मैत्रिणींना माझी विनंती आहे. तुमच्या यजमानांना, मुलांना एवढंच विचारा, आपण ज्या भट्टीच्या विटा घेतो तिथली मुलं शाळेत जातात का? चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं २०१६ च्या दुरुस्तीनंतर सगळ्याच धंद्यांत गुन्हा आहे, ही कायद्याची बाजू. पण भट्टीवाल्याला कायद्यापेक्षा गिऱ्हाईकाचा शब्द लवकर कळतो. 'मुलं शाळेत पाठवत असाल तर पुढची ऑर्डर तुमचीच' हे वाक्य मोर्चापेक्षा जास्त काम करील.

आता जरा अवघड विषय. शिक्षण हक्क कायद्यात कलम १२(१)(ग) आहे. खासगी विनाअनुदानित शाळांनीही प्रवेशाच्या पातळीवर पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, आठवीपर्यंत त्यांची फी घ्यायची नाही, शासनानं परतावा द्यायचा. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ आणि २०१४ च्या निकालांनी अल्पसंख्याकांच्या शाळांना यातून सूट मिळाली. आणि २०१४ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावर अर्थ सरळ झाला: जैन अल्पसंख्याक दर्जा असलेल्या शाळेला गरिबाच्या मुलासाठी जागा राखून ठेवण्याची सक्ती नाही.

अल्पसंख्याक दर्जा आपल्याला हवा होता तो आपली भाषा, पाठशाळा, आहाराचे नियम, संस्कार जपायला. रिक्षावाल्याची मुलगी पहिलीच्या वर्गात बसली तर यातलं काय बुडतं? ती डब्यात कांदा आणणार नाही असा नियम शाळा करू शकते, आणि सगळ्यांची मुलं तो पाळतातच. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच एका खंडपीठानं २०१४ च्या त्या निकालाबद्दल शंका व्यक्त केली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असं म्हटलं. उद्या न्यायालय काय ठरवील ते ठरवील. माझं म्हणणं एवढंच, की आपण त्याची वाट का पाहायची? सूट कायद्यानं दिली आहे, धर्मानं दिलेली नाही. आपल्या विश्वस्त मंडळांवर आपलेच सासरे, दीर, जावई बसतात. जेवणाच्या टेबलावर हा विषय काढण्याचा अधिकार आपल्याला आहे. शासनाकडून परतावा वेळेवर येत नाही ही शाळांची तक्रार खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण एका पर्युषणात आपल्या संघांत जे चढावे होतात, त्यातला थोडासा भाग ज्ञानखात्याच्या जोडीला 'एका मुलाची आठ वर्षं' अशा नावानं बोलला गेला, तर परताव्याची वाट पाहायचीच गरज उरणार नाही. स्वप्नाचा, पाळण्याचा चढावा आपण आनंदानं घेतो. हाही घेऊन बघावा. देवद्रव्याला हात लावा असं मी म्हणत नाही, तो नियम मला माहीत आहे. साधारण किंवा अनुकंपा खात्यातून हे सहज होऊ शकतं.

हे झालं संघाचं. घरात काय करता येईल?

भट्टीवरचं मूल लांब वाटत असेल तर आपल्या स्वयंपाकघराच्या दारात पाहा. आपल्याकडे भांड्याला येणाऱ्या ताई सकाळी सात वाजता हव्या असतात. त्यांच्या मुलांना शाळेत सोडायची वेळही तीच. ताई आजारी पडल्या की त्यांची दहा वर्षांची मुलगी आपल्या सिंकशी उभी राहते, आणि आपण म्हणतो, 'बिचारी किती शहाणी आहे.' घरकामाला चौदा वर्षांखालचं मूल ठेवायला २००६ च्या ऑक्टोबरपासून बंदी आहे. एक दिवस असो की रोज. त्या दिवशी भांडी आपण घासावीत आणि मुलीला शाळेत पाठवावं. ताईंची वेळ अर्धा तास पुढे ढकलली तर आपला नाश्ता थोडा उशिरा होईल. नवकारसी नाहीतरी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनीच असते.

दुसरं काम आहे कागदांचं. पंचवीस टक्के जागांचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. जन्माचा दाखला, रहिवासाचा पुरावा, दुर्बल घटकातल्या मुलासाठी पालकांचा एक लाखापर्यंतच्या उत्पन्नाचा दाखला. ज्या आईला स्वतःचं नाव कसंबसं लिहिता येतं, तिला ही पानं उघडायची कशी? २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेवर ही सक्ती नाही असं केलं होतं. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. या सगळ्या गोंधळात आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या एका बाईंना तर 'आता ती योजना बंद झाली' असंच कुणीतरी सांगितलं होतं. आपल्या हातात दिवसभर फोन असतो. आपल्या मजल्यावर, आपल्या इमारतीत काम करणाऱ्या तीन घरांचे अर्ज भरून द्यायला एक दुपार पुरते.

आणि एक माहिती प्रत्येकीनं पाठ करून ठेवावी. वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणूनही नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्ये आलं म्हणूनही नाही. हे तिन्ही त्या कायद्यातच लिहिलं आहे. आधार नसेल तर प्रवेश नाही, असंही शाळेला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ते स्पष्ट केलं. एका शाळेत मी अशाच एका आईबरोबर गेले होते. ती एकटी आधी दोनदा जाऊन आली होती आणि दोन्ही वेळा आधार नाही म्हणून परत पाठवली गेली होती. तिसऱ्यांदा मी काही भांडले नाही. शेजारी उभी राहून फक्त 'नाही म्हणताय तर तेवढं लिहून द्या' म्हटलं. मुलाचं नाव त्याच दिवशी दाखल झालं. गरीब बाईला अनेकदा फक्त शेजारी उभं राहणारं कुणीतरी हवं असतं.

यावर आपल्या बायकांत जी उत्तरं ऐकू येतात तीही मला ठाऊक आहेत. 'त्यांच्या आई-बापांनाच शिकवायचं नसतं.' मी ज्या आयांशी बोलले त्यांच्यापैकी एकीनंही मूल अडाणी राहावं असं म्हटलं नाही. बयाणा फिटेपर्यंत मूल कुठे ठेवायचं एवढंच विचारलं. स्थलांतर न करता मुलांनी गावातच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. पण या सोयी आहेत हे त्या आईला सांगायला जाणारं कुणीतरी लागतं. 'हे सरकारचं काम आहे.' आहेच. वसई-विरार महापालिका २००९ साली झाली, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं इथल्या प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडेच राहिल्या, शाळा कुणाच्या हा प्रश्न दोन कार्यालयांत फिरत राहिला. म्हणूनच तर सरकारला विचारणारे नागरिक लागतात, आणि रस्ता-पाण्यासाठी विचारतो तसं आपण शाळेसाठी विचारत नाही. कारण आपली मुलं त्या शाळेत नाहीत.

तेव्हा माझी सूचना लहानशी आहे. या चातुर्मासात आपल्या महिला मंडळानं तपाच्या आणि सामायिकाच्या यादीबरोबर आणखी एक यादी करावी. जवळच्या एका भट्टीची, एका जिल्हा परिषद शाळेची. दिवाळी झाली की भट्टीवर मुलं येतील. कोण कोण आली, किती वर्षांची, कुठल्या पाड्यावरून, हे लिहून जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे द्यायचं. ती भट्टीपासून लांब असेल तर मुलांना आणण्या-सोडण्यासाठी एका रिक्षाचा महिन्याचा खर्च दहा घरांनी वाटून घ्यायचा. आठवड्यातून दोन दुपारी दोघी जणींनी शाळेत बसून मागे पडलेल्या मुलांचं वाचन घ्यायचं. धाकट्या भावंडासाठी अंगणवाडीत विचारायचं. आणि जूनमध्ये नाही, फेब्रुवारीत जाऊन पाहायचं की ती मुलं अजून वर्गात आहेत का.

तप मोठं असो वा लहान, पारण्याच्या दिवशी आपण एकमेकींना शाता विचारतो. तशीच एखाद्या मुलाचीही विचारावी, वर्षभर. ज्यांना यात यायचं आहे त्यांनी आपापल्या संघात, मंडळाच्या पुढच्या बैठकीतच हा विषय काढावा. दिवाळीला फार दिवस नसतात.

जय जिनेंद्र.